बिट फिरण्याआधी

पुण्याच्या भवानी पेठेतले टिंबर मार्केट असो, दिल्लीचे कीर्तीनगर असो की एखाद्या तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीतला गाळा असो, ‘सीएनसी डिझाइन कटिंग करून मिळेल’ ही पाटी आता कुठेही दिसते. आत चार बाय आठ फुटांचे टेबल, त्यावर मागेपुढे सरकणारी गॅन्ट्री, तिला बसवलेले स्पिंडल आणि कोपऱ्यात संगणकापुढे विशी-पंचविशीतला ऑपरेटर. गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो दाखवते, ‘असंच पाहिजे’ म्हणते. ऑपरेटर आपल्या साठ्यातून त्याच्या जवळपास जाणारी फाइल काढतो, चौरस फुटावर दर ठरतो आणि संध्याकाळपर्यंत देव्हाऱ्याची पाठ कापून तयार होते. या सगळ्या व्यवहारात एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. ही नक्षी लागणार कुठे, आणि तिच्यावर उजेड कुठून पडणार?

उठावाची नक्षी डोळ्यांना दिसते ती सावलीमुळे. समोरून सारखा उजेड पडला की बारा मिलिमीटर खोल कोरलेले कमळही सपाट वाटते. बाजूने तिरका उजेड आला की चार मिलिमीटरांचे पानही उठून दिसते. वाडे बांधणाऱ्या सुतारांना हे शिकवावे लागत नव्हते. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबागवाड्याचा सागवानी दर्शनी भाग पाहावा, किंवा चांदवडच्या होळकर वाड्यातला रंगमहाल पाहावा. सुरूच्या घाटाचे खांब, त्यांच्यामधल्या महिरपी, कोपऱ्यांतून खाली उतरलेली केळफुले, ही सगळी रचना चौकातून आत येणाऱ्या तिरक्या उजेडासाठी आहे. चांदवडइतके लांब जायचे नसेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातली कोरीव दारे-खिडक्या अगदी हातभर अंतरावरून पाहता येतात. तिथे एखादे पान निवडून त्याची कड नीट निरखावी. चांगल्या कामात ती कड खालून पोखरलेली असते. पान लाकडापासून किंचित सुटलेले असते आणि त्याच्याखाली सावलीची बारीक काळी रेघ पडते. ती रेघच पानाला जिवंत करते.

आपल्या बाजारातली बहुतेक यंत्रे ही रेघ काढू शकत नाहीत. ती तीन अक्षांची आहेत: डावी-उजवी, मागे-पुढे, वर-खाली. बिट, म्हणजे स्पिंडलमध्ये बसवलेले कापायचे हत्यार, नेहमी वरून खाली उतरतो. पानाच्या पोटाखाली शिरणे त्याला जमत नाही. केळफुलासारखा चहूबाजूंनी कोरायचा घाट असेल तर लाकूड फिरवणारा चौथा अक्ष लागतो, आणि तरीही पोखरण्याचा प्रश्न पूर्ण सुटत नाही. दुसरी मर्यादा आतल्या कोपऱ्यांची. बिट गोल फिरतो, म्हणून जाळीतला प्रत्येक आतला कोपरा बिटाच्या त्रिज्येइतका गोल राहतो. चौकोनी कोपरा हवा असेल तर शेवटी पटाशी हातात घ्यावीच लागते. ही प्रस्तावना ज्या पुस्तकाची आहे, त्यातला प्रत्येक मोठा प्रकल्प पटाशीने संपतो, आणि माझ्या मते हीच त्याची सर्वांत मोलाची बाजू आहे. यंत्रावरच्या कोरीवकामातली कारागिरी बिट फिरण्याच्या आधी आणि बिट थांबल्यानंतर असते. मधला वेळ यंत्राचा.

यंत्राकडून लाकूड कोरून घ्यायची कल्पना संगणकाच्या शंभरेक वर्षे आधीची आहे. अमेरिकेत टॉमस ब्लँचर्डने १८२० च्या सुमारास बंदुकीचे दस्ते कोरणारा लेथ बनवला. मूळ दस्त्यावरून एक चाक फिरे, आणि त्याच्या चढउतारांबरहुकूम शेजारच्या लाकडावर पाते चाले. पण नक्षीच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची गोष्ट लंडनची. १८३४ मध्ये तिथले संसदभवन जळाले. नव्या वेस्टमिन्स्टर राजवाड्याच्या आतल्या भिंतींना आणि छतांना अफाट लाकडी कोरीवकाम लागणार होते. त्यासाठी टॉमस जॉर्डन याने १८४५ मध्ये पेटंट घेतलेले कोरीव यंत्र वापरले गेले. एका मूळ नमुन्यावरून बोथट सुई फिरवायची, आणि तिच्या बरोबरीने फिरती पाती एकाच वेळी अनेक ठोकळ्यांवर तोच उठाव काढायची, अशी त्याची रचना. जॉर्डनच्या यंत्रातून आलेले काम शेवटचा हात फिरवायला कारागिरांकडे जाई. आजच्या गाळ्यात रफिंग म्हणजे ढोबळ कोरणे, फिनिशिंग म्हणजे बारीक कोरणे आणि मग हातकाम असा जो क्रम आहे, तो मुळात हाच.

जॉन रस्किनने १८४९ मध्ये ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’मध्ये यंत्रावरच्या अलंकरणाला फसवणूक ठरवले. हाताने केल्याचा भास निर्माण करणारी वस्तू ही थाप आहे, असा त्याचा मुद्दा होता. मला तो अर्धाच पटतो. यंत्राने केलेले काम हाताने केले म्हणून विकले तर ती थाप खरीच, आणि बाजारात ती रोज मारली जाते. ‘हँड कार्व्ह्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एमडीएफच्या मूर्ती मी पाहिल्या आहेत. पण यंत्राचे काम यंत्राचे म्हणून समोर ठेवले, आणि त्यात विचार असला, तर रस्किनच्या आक्षेपाला फारसा आधार उरत नाही.

संगणकाशी गाठ पडली ती मात्र नक्षीसाठी नव्हे, हेलिकॉप्टरसाठी. मिशिगन राज्यातल्या जॉन पार्सन्सच्या कारखान्यात हेलिकॉप्टरची पाती बनत. पात्याचा वक्र अचूक यावा म्हणून त्यावरच्या बिंदूंचे आकडे गणनयंत्रावर काढायचे आणि मिलिंग यंत्राला त्या आकड्यांवर चालवायचे, ही कल्पना त्याने आणि फ्रँक स्टुलेनने पुढे नेली. अमेरिकी हवाई दलाच्या पैशावर हे काम एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेत गेले आणि १९५२ मध्ये भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून चालणारे यंत्र तिथे दाखवले गेले. पुढची पन्नासेक वर्षे हे तंत्र मोठ्या कारखान्यांपुरते राहिले. सुताराच्या आवाक्यात ते आले अलीकडे. अर्डुइनो या स्वस्त इलेक्ट्रॉनिक पाटीवर चालणारी ‘जीआरबीएल’ नावाची मोफत प्रणाली २००९ मध्ये आली, तिच्या जोरावर घरगुती यंत्रे बनू लागली. दुसऱ्या बाजूने चीनमधून मोठी, तयार यंत्रे आली. त्यामुळे आज एखादा उत्साही गृहस्थ गच्चीवरच्या खोलीत दीड फुटाचे यंत्र जोडतो आणि बाजारपेठेतला कारखानदार तीन स्पिंडलचे यंत्र बसवतो. दोघांच्या फाइलीतल्या ओळी मात्र एकाच भाषेतल्या असतात: जी-शून्य म्हणजे हवेतून जा, जी-एक म्हणजे कापत जा, आणि पुढे तीन अक्षांचे आकडे.

आता थोडे आकड्यांकडे, कारण नवशिक्याचे पैसे आणि वेळ इथेच जातात. समजा, एक फुटाच्या आसपास, म्हणजे ३०० मिलिमीटर लांब-रुंद फळीवर गणपतीचा उठाव काढायचा आहे. शेवटचा हात ३ मिलिमीटर व्यासाच्या बॉलनोज, म्हणजे गोल टोकाच्या, बिटाने फिरवायचा. दोन शेजारच्या ओळींमधले अंतर, म्हणजे स्टेपओव्हर, ०.२ मिलिमीटर ठेवले तर १५०० ओळी होतात. प्रत्येक ३०० मिलिमीटरची, म्हणजे बिटाला ४५० मीटर चालायचे आहे. मिनिटाला तीन मीटर या वेगाने अडीच तास, आणि वळणावर यंत्र मंदावते तो वेळ वेगळा. आता स्टेपओव्हर ०.१ केला की पाच तास. ०.४ केला की सव्वा तास.

मग गुळगुळीतपणात किती फरक पडतो? दोन ओळींच्या मध्ये उरणाऱ्या बारीक वरंब्याची उंची अंदाजे काढता येते: स्टेपओव्हरचा वर्ग भागिले बिटाच्या त्रिज्येची आठपट. ०.४ मिलिमीटरला ती १३ मायक्रॉनच्या आसपास येते, ०.२ ला तीनच्या पुढे. तीव्र उतारावर वरंबे वाढतात हे खरे, पण सागाची स्वतःची छिद्रे या आकड्यांपेक्षा कितीतरी मोठी असतात. सव्वा तासाचे काम करून वर पंधरा मिनिटे काचपेपर फिरवणारा माणूस, पाच तास यंत्र चालवणाऱ्यापेक्षा शहाणा आहे. तरी बहुतेक गाळ्यांत बारीक स्टेपओव्हर म्हणजे चांगले काम अशी समजूत आहे, कारण तासांवर बिल करणाऱ्याला ती परवडते.

वेगाबद्दलची समजूत तर उलटीच आहे. लाकूड जळून काळे पडू लागले की घाबरून यंत्र मंद केले जाते, आणि ते आणखी जळते. स्पिंडल मिनिटाला १८,००० फेरे घेत असेल, बिटाला दोन धारा असतील आणि फीड, म्हणजे बिट पुढे सरकण्याचा वेग, मिनिटाला ३,६०० मिलिमीटर असेल, तर प्रत्येक धार दर फेऱ्याला ०.१ मिलिमीटर जाडीचा कीस काढते. फीड ९०० वर आणला की तोच कीस ०.०२५ चा होतो. एवढ्या पातळ किसात धार लाकूड कापण्याऐवजी घासू लागते. घर्षणाची उष्णता किसाबरोबर बाहेर पडायची ती बिटात साठते. उपाय म्हणजे फीड वाढवणे किंवा फेरे कमी करणे. भुशाऐवजी कीस पडू लागला की गणित जमले.

लाकडाच्या प्रकरणात पुस्तकाशी माझा एक मतभेद आहे, तो इथेच नोंदवतो. लेखक सरावासाठी एमडीएफ सुचवतात. स्वस्त, सपाट, गाठी नाहीत, रेसे नाहीत, म्हणून. माझे म्हणणे असे की रेसे नसणे हीच अडचण आहे. एमडीएफवर सहा महिने हात बसवलेला माणूस सागावर येतो तेव्हा त्याला सगळे नव्याने शिकावे लागते. सागात सिलिका असते, ती कार्बाइडची धारही लवकर बोथट करते. शिसव दाट, बारीक तपशील धरून ठेवणारा, पण महाग. शिवण हलकी आणि स्वभावाने शांत. कमी वाकते, कोरायला सोपी. पॅकिंगच्या पेट्यांचे पाइन फुकट मिळते, पण त्यात मऊ आणि कडक पट्टे आळीपाळीने येतात आणि मऊ पट्ट्यांवर केसाळ कड उरते. शिवाय देव्हाऱ्याच्या जागेचा विचार केला तर एमडीएफ तिथे नकोच. समईचे तेल, निरांजनाची आच, अभिषेकाच्या पाण्याचे शिंतोडे, यातून त्याची कड फुगते, आणि एकदा फुगलेली कड परत बसत नाही.

जुन्या वाड्यांचे लाकूड हा वेगळाच मोह आहे. वाडे पाडले जातात, तुळया विकायला येतात, पिढ्यान्‌पिढ्या वाळलेला साग हाताशी मिळतो. कोरायला याहून चांगले लाकूड नाही. पण त्यात लोखंडी खिळे दडलेले असतात, कधी मुंडी तुटून आत गेलेले. वरून छिद्रसुद्धा दिसत नाही. अशा तुळईवरून हातातला मेटल डिटेक्टर फिरवल्याशिवाय तिला टेबलावर चढवू नये. नव्या लाकडाचा धोका दुसरा. एका बाजूने खोल कोरले की फळीतला ताण मोकळा होतो आणि ती वाटीसारखी वळते. कोकणात पावसाळ्यात कापलेली फळी पुण्याच्या उन्हाळ्यात हमखास हेच करते. ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आणून, आधी रफिंग करून फळी काही दिवस तशीच सोडावी आणि मग फिनिशिंग करावे. हे पथ्य पुस्तकात तीन ठिकाणी सांगितले आहे. तीनदा सांगूनही लोक ऐकणार नाहीत.

नावाची पाटी हा सगळ्यांत जास्त मागणी असलेला प्रकार. त्यावरचे प्रकरण मला सर्वांत आवडले, कारण देवनागरीसाठी इतक्या बारकाईने कोणी लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. परदेशी पुस्तकांतली सगळी उदाहरणे रोमन अक्षरांची. आपली अडचण वेगळीच. संगणकावर ‘कुलकर्णी’ टाइप केले की शिरोरेषा अखंड दिसते, पण प्रत्यक्षात प्रत्येक अक्षराची रेषा स्वतंत्र असते आणि शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. कोरलड्रॉमध्ये हा मजकूर कर्व्ह करून तसाच व्ही-कार्व्हिंगला पाठवला की दोन आकार जिथे एकमेकांवर चढतात तिथे प्रणाली गोंधळते. ती जागा कोरायचीच सोडते, नाहीतर प्रत्येक अक्षराच्या कडेने वेगळी फिरते. पाटीवर शिरोरेषेत दर अक्षराला बारीक खाच दिसते. उपाय एका क्लिकचा आहे, सगळी अक्षरे आधी वेल्ड करून एकच आकार करायचा. गावोगावच्या पाट्यांवर या खाचा इतक्या दिसतात की काही लोकांना त्या शैलीचाच भाग वाटू लागल्या असाव्यात.

दुसरी अडचण लाकडाची. आडव्या पाटीत रेसे आडवे असतात, म्हणून शिरोरेषा रेशांबरोबर जाते आणि काना, दंड त्यांना छेदतात. ‘ध’, ‘भ’, ‘क’ यांच्या पोटातले लाकडाचे बेट छोटे असेल तर ते रेशांच्या दिशेने सहज सुटून येते. रफाराखालची आणि जोडाक्षरातली बारीक भिंत तर पहिल्याच फेरीत उडते. म्हणून फाँट निवडताना संगणकावर तो कसा दिसतो यापेक्षा पोटातली जागा किती, हे पाहावे. बिटाचा कोनही इथेच ठरतो. अक्षराची रेघ ६ मिलिमीटर रुंद असेल तर ९० अंशांचा व्ही-बिट ३ मिलिमीटर खाली जातो, ६० अंशांचा ५.२. अंधाऱ्या जिन्यातल्या दारासाठी ६० अंश घ्यावा. उघड्या फाटकासाठी ९० पुरतो, आणि त्यात धूळही कमी साठते.

नक्षी आणायची कुठून, हा या विषयातला खरा दुखरा भाग. तयार एसटीएल फाइलींचे हजारोंचे संच पेनड्राइव्हवर शेदोनशे रुपयांत फिरतात. परिणामी तोच राधाकृष्ण, तोच घोड्यांचा कळप, युरोपी अकँथसचे तेच वळलेले पान कोल्हापूरच्या दारावर, नागपूरच्या दारावर आणि सुरतेच्या दारावर. यंत्र एकसारख्या प्रती काढते हा त्याचा दोष म्हणता येत नाही. त्याच्याकडून तेच मागितले होते. दोष मागणाऱ्याचा. आपल्याकडे केळफूल आहे, सुरू आहे, गणेशपट्टीवरची वेल आहे, खुंट्यांवरचे पोपट आहेत. त्यांची मापे घ्यायला वाड्यात जावे लागते, एवढेच.

फोटोवरून थेट उठाव काढून देणारी सॉफ्टवेअरे आल्यापासून तर हा आळस आणखी वाढला आहे. त्यांतली साधी पद्धत रंगावर चालते: उजळ ते उंच, गडद ते खोल. फोटोतल्या गणपतीचे दात पांढरे, म्हणून ते सोंडेच्याही वर येतात. काजळ घातलेले डोळे खड्ड्यात जातात. मागच्या झेंडूच्या माळा पिवळ्या, म्हणून त्या पोटापुढे येऊन बसतात. शिवाय साध्या करड्या चित्रात २५६ छटाच असतात. दहा मिलिमीटर खोलीत त्या वाटल्या तर प्रत्येक पायरी ०.०४ मिलिमीटरची होते आणि गालासारख्या मंद चढावर पॉलिश केल्यावर पायऱ्या दिसू लागतात. यावर १६ बिटची फाइल हा उपाय आहे. पण दात कुठे असावेत हे तिलाही कळत नाही. त्यासाठी कोरणाऱ्याला मातीत किंवा निदान कागदावर तो गणपती एकदा घडवून पाहावा लागतो. लेखकाने पुस्तकातली सगळी रेखाटने आधी हाताने काढली आहेत, आणि ती जशीच्या तशी, खाडाखोडीसकट छापली आहेत. अभ्यासासाठी ती तयार फाइलींपेक्षा जास्त उपयोगाची आहेत.

‘यंत्र आले, सुतारांचे काय?’ हा प्रश्न प्रस्तावनेत टाळता येत नाही. हाताने कोरणाऱ्या मिस्त्रीचे पुष्कळ काम यंत्राने घेतले, हे स्पष्टच आहे. पण गाळ्यांत फिरताना मला उलटेही दिसते. पटाशी धरता येणारा माणूस ज्या गाळ्यात आहे, तिथले काम लगेच वेगळे ओळखू येते: कोपरे काढलेले असतात, पानांच्या कडा खालून सोडवलेल्या असतात, बिटाच्या ओळी पुसलेल्या असतात. अशा माणसाला गाळेवाला सोडत नाही. दुःख एवढेच की त्याच्या हाताखाली नवे कोणी शिकत नाही. ऑपरेटरच्या पोराला संगणकावर बसायचे असते, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण पगार तिथे आहे.

सुरक्षेचे प्रकरण पुस्तकाच्या शेवटी टाकले आहे, ते आधी वाचावे. लाकडाची धूळ कर्करोगजनक आहे असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने वर्गीकरण केले आहे. एमडीएफच्या डिंकातल्या फॉर्मल्डिहाइडचेही तसेच. तोंडाला रुमाल बांधून दिवसभर यंत्रापाशी उभे राहणारी मुले मी सर्रास पाहतो. रुमालाने बारीक धूळ अडत नाही. स्पिंडलभोवती ब्रशचा घेर आणि त्याला जोडलेला धूळ ओढणारा पंखा, हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरला पाहिजे. कानांसाठीही काहीतरी घ्यावे. फिरत्या बिटाखालचा कीस हाताने झाडू नये, हे सांगायला नको. पण गाळ्यात कोणाची ना कोणाची बोटे कमी असतात, म्हणून सांगतो.

प्रकल्पांचा क्रम विचार करून लावला आहे, तो मोडू नये. पहिला आहे बसायचा पाट: चार कोपऱ्यांत कमळ, मध्ये काही नाही, खोली तीन मिलिमीटर. त्यात टेबल सपाट करणे, झेड शून्य धरणे, फळी घट्ट बांधणे आणि एक बिट बदलणे एवढेच शिकायचे आहे. मग नावाची पाटी, मग मोदकाचा साचा. साचा उलटा कोरायचा असतो, खड्डा म्हणजे उंची, आणि तिथे बहुतेकांचा एकदा तरी घोटाळा होतो. जाळी चौथी. उठावाचा गणपती सातवा आहे. तो पहिल्यांदा करावासा वाटणार, कारण यंत्र त्यासाठीच घेतलेले असते. तरी पाटच आधी करावा. तो बिघडला तर तीच फळी उलटी करून मागच्या बाजूने पुन्हा सुरू करता येते, आणि दोन्ही बाजू बिघडल्या तरी पाट म्हणून बसायला तो चालतोच.